नोकरी अजून आहे, पण झोप गेली

या आठवड्याचं पत्र निगडीहून आलंय. मोठं आहे, त्यामुळे महत्त्वाचा भाग तेवढा देते, माणूस ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.

"ताई, माझं वय ४३. चाकणला एका ऑटो कंपोनंट कंपनीत क्वालिटीला १६ वर्षं झाली. आमच्याकडे सायलेन्सरचे पार्ट बनतात. इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून सगळे म्हणतात की आपल्या लाइनचं काही खरं नाही. दिवाळीनंतर दोनदा एचआरने लोकांना बोलावलं, पहिल्यांदा ६ जण गेले, नंतर ११. त्यात माझ्या शेजारच्या टेबलवरचा माणूस होता. मेव्हणा हिंजवडीला आयटीत होता, तो सहा महिने घरी आहे. मला अजून कुणी काही बोललेलं नाही. पगार वेळेवर येतो. तरी रात्री तीनला जाग येते आणि मग मोबाईलवर ले-ऑफच्या बातम्या बघत बसतो. फ्लॅटचा हप्ता २८,५०० आहे. एफडी २ लाख ४० हजारांची. बायको घरी ट्यूशन घेते, तिचे ११ हजार येतात. तिला यातलं काही सांगितलेलं नाही, तिचा भाऊ आधीच घरी बसलाय. रविवारी मित्रांबरोबर दुर्गा टेकडीला जायचो ते बंद केलंय, तिथेही हाच विषय. मुलगी दहावीला आहे, तिने परवा विचारलं पप्पा तुमची कंपनी बंद होणार का, तर मी तिच्यावर ओरडलो. घर आहे, गाडी आहे, नोकरी आहे, मग समाधान का नाही? कधीकधी वाटतं सरळ राजीनामा द्यावा, साताऱ्याला भावाच्या रानात कर्ज काढून पोल्ट्री टाकावी आणि या टांगत्या तलवारीतून सुटावं. काय करू?"

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. पहिलं हे सांगते की तुमची भीती खोटी नाहीये. सायलेन्सर हा बॅटरीच्या गाडीत लागतच नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि शेजारचं टेबल रिकामं झालेलं रोज डोळ्यासमोर असताना "पॉझिटिव्ह विचार करा" असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. ज्यांनी सांगितलं असेल त्यांना परिस्थिती माहीत नाही.

पण "नोकरी आहे तरी समाधान का नाही" हे तुम्ही स्वतःला दोष दिल्यासारखं विचारलंय, जणू सगळं असूनही तुम्हीच कृतघ्न आहात. तसं नाहीये हो. आजूबाजूला माणसं कामावरून कमी व्हायला लागली की ज्यांची नोकरी शाबूत आहे त्यांचंही आयुष्याबद्दलचं समाधान घसरतं, हे मोजलं गेलंय. जर्मनीच्या आकडेवारीवर काही अर्थतज्ज्ञांनी काम केलं, २०१० साली ते छापून आलं, त्यात दिसलं की भागातली बेकारी वाढली की खाजगी नोकरीतल्या माणसांचं समाधान सरकारी नोकरीतल्यांपेक्षा जास्त खाली येतं. म्हणजे दोघंही कामावर आहेत, दोघांचाही पगार चालू आहे, फरक एवढाच की एकाला उद्याची खात्री आहे आणि दुसऱ्याला नाही. तुमच्या जिन्यात कुणी झेडपीत किंवा वीज कंपनीत असेल तर बघा, तो हीच बातमी वाचतो आणि पान उलटतो, तुम्ही तीच बातमी रात्री तीनला वाचता आणि चार वाजेपर्यंत जागे राहता. तुमचं मन कमकुवत आहे म्हणून हे होत नाही, ती बातमी तुमच्या घराला लागू पडते म्हणून होतं.

आणि बातम्या काही कमी नाहीत. २०२५च्या जुलैमध्ये टीसीएसने साधारण १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा ती त्यांच्या एकूण माणसांच्या जेमतेम २ टक्के होती, पण पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये त्या आठवड्यात किती घरांत तोच विषय चालला असेल, ज्यांचा आयटीशी काडीचा संबंध नाही अशा घरांतसुद्धा. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहरांतल्या कुटुंबांना विचारते की नोकऱ्या, कमाई, महागाई, खर्च आणि एकूण परिस्थिती वर्षापूर्वीपेक्षा बरी वाटते की वाईट, त्यावरून एक निर्देशांक काढतात, १०० म्हणजे बरं म्हणणारे आणि वाईट म्हणणारे सारखे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या मे महिन्यात तो ५०च्याही खाली गेला होता. ही लोकांची काळजी इतकी खरी गोष्ट आहे की देशाची बँक ती मोजत बसते. तुम्ही एकटे नाही आहात, हे तुम्हाला खरंच कळावं म्हणून सांगतेय.

आता मला पत्रातल्या ज्या वाक्याने सगळ्यात जास्त त्रास झाला ते सांगते. ते एचआरचं नाही, हप्त्याचंही नाही. ते टेकडीचं आहे.

का ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. माझे वडील कापडगिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते, आम्ही लालबागला चाळीत राहायचो. १८ जानेवारी १९८२ला कामगार पुढारी दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी मिटलाच नाही, मिटला असं कुणी कधी जाहीरही केलं नाही, नुसता विरत गेला. वडील चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. दर गुरुवारी आई चपात्यांची कणीक मळताना त्यातला एक गोळा बाजूला ठेवायची, वाटीखाली झाकून, पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला, लावायला. कणीक लावल्याशिवाय तो धुमत नाही. संपाचे पहिले तीन-चार महिने वडील जात होते भजनाला. मग एका गुरुवारी म्हणाले, नको, सगळे एकच विचारतात, संपाचं काय झालं, काय सांगू. पुढच्या गुरुवारीही नको. आई तरी बरेच आठवडे गोळा ठेवत राहिली, रात्री तो परत परातीत टाकून त्याची छोटी चपाती करायची आणि ती मला मिळायची. मग तिनेही ठेवणं सोडलं. पखवाज खुंटीला, वर जुन्या साडीची खोळ.

दोन वर्षांनी वडिलांना दादरला एका बिल्डिंगवर वॉचमनचं काम लागलं. पगार गिरणीच्या निम्म्याहून कमी पण घर चालायला लागलं. तेव्हा मंडळाचा एक मुलगा गणपतीसाठी पखवाज मागायला आला, खोळ काढली तर वाद्या सैल पडलेल्या आणि डावी पुडी कडेने फाटलेली. वडिलांनी ती हाताने चाचपली आणि परत खोळ घातली. पुडी बदलायला काही फार पैसे लागत नव्हते. मला आज जे बोचतं ते हे की गिरणीने त्यांचा पगार घेतला, पण गुरुवार कुणीच घेतला नव्हता. तो त्यांनी स्वतः होऊन दिला, कुणी मागितला नसताना, आणि नंतर काम मिळाल्यावर पगार थोडाफार परत आला, गुरुवार नाही आला.

मोठी झाल्यावर मला एका ऑस्ट्रियातल्या गावाबद्दल वाचायला मिळालं, मारिएन्टाल नाव, व्हिएन्नापासून जवळ. तेही गिरणीचंच गाव. १९३०च्या सुमाराला तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिच्या सोबतच्या संशोधकांनी तिथे जाऊन बारीकसारीक नोंदी केल्या, १९३३ला ते पुस्तक आलं. सगळ्यांना वाटत होतं की माणसांना आता वेळच वेळ आहे तर वाचतील, काही करतील. झालं उलटं. गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं, वर्गणी माफ केली असूनसुद्धा. पुरुष रस्त्याने चालताना हळू चालायला लागले, मधेच विनाकारण थांबायचे, बऱ्याच जणांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. बायकांचं तसं झालं नाही कारण त्यांना चूल होती, पोरं होती. ते वाचताना मला आमची चाळ दिसत होती अगदी. माझ्या आईची खानावळ होती, नऊ माणसं जेवायची, त्यातली सात संपात गावाला निघून गेली, तरी ती रोज पाचला उठत होती. वडील भोंगा नसलेल्या सकाळी उशिरापर्यंत पडून राहायचे, जागे असायचे पण उठायचे नाहीत.

याहोडाबाईंनी पुढे आयुष्यभर हाच विषय धरून ठेवला आणि सांगितलं की नोकरी पगाराशिवाय आणखी काही देत असते, दिवसाला वेळापत्रक देते, घराबाहेरची माणसं देते, आपण एकट्याने करू शकत नाही अशा मोठ्या कामात वाटा देते, चार लोकांत ओळख देते, हातापायांना काम देते. नोकरी गेली की हे सगळं एकदम जातं आणि समाधान त्याच्याबरोबर जातं. भाऊ, तुमची नोकरी गेलेली नाही. तुम्हाला यातलं सगळं अजून मिळतंय. पण टेकडी सोडलीत म्हणजे माणसं सोडलीत. बायकोशी बोलणं सोडलंत. रात्रीची झोप सोडलीत. मुलीशी नीट बोलणं सुटत चाललंय. एचआरने अजून काही मागितलेलं नसताना तुम्ही एकेक वस्तू स्वतःहून काढून देताय, आणि म्हणून घर, गाडी, नोकरी असूनही समाधान नाही. मला वाटतं हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि यातलं बरंचसं अजून परत आणता येतं कारण तुमच्या पखवाजाची पुडी अजून फाटलेली नाही.

आता वहिनींबद्दल. तिला सांगितलेलं नाही कारण तिचा भाऊ घरी बसलाय, तिला आणखी ताप नको. हेतू चांगला आहे पण खरं सांगू का, तिला कळलेलं असणार. रात्री तीनला अंथरुणात मोबाईलचा उजेड पडतो तो तिच्याही तोंडावर पडतो. तिला फक्त एवढं माहीत नाही की कशाबद्दल आहे, आणि माहीत नसलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं याचा विचार करा, तब्येत, कर्ज, आणखी काही. पोरीला तरी कंपनी बंद होण्याचं कुठून सुचलं? घरात वारं आहेच.

सांगा तिला. पण नुसतं "मला भीती वाटते" एवढं सांगून सोडू नका, वही घेऊन बसा दोघं, शनिवारी दुपारी मुलगी क्लासला गेली की. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी थोडं करून बघितलं, बाकीचे खर्च माझ्या अंदाजाचे आहेत ते तुम्ही दुरुस्त करा. हप्ता २८,५००, मुलीचा क्लास ६,०००, किराणा-भाजी-दूध १२,०००, वीज, गॅस आणि सोसायटीचा मेंटेनन्स ५,५००, औषधपाणी आणि किरकोळ ३,०००. झाले ५५,०००. यात हॉटेल नाही, नवीन कपडे नाहीत, गावाला गाडी काढणं नाही, हा फक्त घर उभं ठेवायचा खर्च. वहिनींचे ११,००० वजा केले की दर महिन्याला ४४,००० लागतात. एफडी २ लाख ४० हजार, म्हणजे साडेपाच महिने. इथपर्यंत तुम्ही रात्री डोक्यात गेला असाल आणि घाबरला असाल.

पण तुम्ही ग्रॅच्युइटी धरलेलीच नाही! पाच वर्षांच्या वर नोकरी झाली की ती मिळतेच, राजीनामा दिला तरी आणि कंपनीने काढलं तरी. हिशोब असा की शेवटचा बेसिक आणि डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले झालेली वर्षं. समजा तुमचा बेसिक-डीए मिळून ३९,००० असेल तर दिवसाचे १,५०० पडतात, १५ दिवसांचे २२,५००, सोळा वर्षांचे ३ लाख ६० हजार. एफडी धरून झाले बरोबर ६ लाख. ४४,०००ने भागा. तेरा महिन्यांच्या वर जातं, आणि यात पीएफला हातही लावलेला नाही, तो लावूही नका, फक्त यूएएनला (पीएफचा तुमचा नंबर) आधार, पॅन, बँक खातं नीट जोडलेलं आहे ना, जुन्या कंपनीचं खातं यात आलंय ना हे आत्ताच नोकरीत असताना बघून घ्या, नंतर एका स्पेलिंगसाठी महिने जातात.

तेरा महिने. तुमच्या पगाराच्या स्लिपवरचा बेसिक वेगळा असेल तर अकरा होतील किंवा पंधरा होतील. पण रात्री तीनची जी भीती आहे ना तिला आकडाच नसतो, ती "सगळं संपलं" एवढंच म्हणते. तेरा महिने म्हणजे मुलीची दहावी होऊन अकरावीची ॲडमिशन होऊन वर्ष संपत आलेलं असेल. हा कागद दोघांनी मिळून केलेला असला पाहिजे, तुम्ही एकट्याने केलात तर तोही तुम्ही रात्री तीनला खोटा पाडाल.

या कागदाला एक मोठं भगदाड आहे, ते दवाखान्याचं. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. बऱ्याच लोकांना हे हॉस्पिटलच्या काउंटरवर कळतं. घरच्यांची स्वतःची एक पॉलिसी आत्ता काढा, लहान रकमेची का असेना, कारण आधीपासून असलेल्या आजारांना सुरुवातीला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ती वर्षं आत्ता पगार चालू असतानाच मोजायला लागलेली बरी. बीपी, शुगर असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. आणि हप्त्याचं कधी जड जातंय असं वाटलं तर एकही हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा, चुकल्यावर गेलात तर बोलण्याची पद्धतच बदलते.

राजीनामा आणि पोल्ट्री. आत्ता नको. पोल्ट्री वाईट आहे म्हणून नाही, साताऱ्याकडे कंपन्यांच्या करारावर शेड चालवून नीट कमावणारी माणसं आहेत, पण त्यांना बॅच कधी उचलतील, मर किती होईल, उन्हाळ्यात शेड कसं थंड ठेवायचं हे माहीत असतं. तुम्ही पत्रात पोल्ट्रीबद्दल एक ओळ लिहिलीय आणि तलवारीतून सुटण्याबद्दल तीन. डोक्यावरचा हप्ता तसाच ठेवून दुसरं कर्ज काढलंत तर तलवारी दोन होतील. खरंच ओढ असेल तर सुट्टी काढून भावाकडे जा, एक पूर्ण बॅच साधारण दीड महिन्याची असते, त्यातले शनिवार-रविवार तरी जवळपासच्या कुणाच्या शेडवर घालवा, पिल्लं उतरतात तेव्हा आणि पक्षी उचलतात तेव्हा नक्की जा. मग बोलू.

आणि राजीनाम्याबद्दल आणखी एक, हे नीट वाचा. बोलावलंच कधी एचआरने, तर बहुतेक वेळा समोर राजीनाम्याचा कागदच ठेवतात, आत्ता सही करा, रिलीव्हिंग लेटर चांगलं देतो. तिथे त्या खुर्चीत सही करू नका. शांतपणे म्हणा की मला घरी बोलायला आणि कागद वाचायला दोन दिवस हवेत, आणि जे देणार आहात ते ईमेलवर लिहून द्या. स्वतः राजीनामा दिला आणि कंपनीने कमी केलं यात कायद्याने फरक आहे. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे तुम्ही "कामगार" असाल तर छाटणी करताना निदान महिन्याची नोटीस किंवा तो पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो, हे ग्रॅच्युइटीच्या वेगळं. तुमच्या बाबतीत ते लागू होतं का हे तुमच्या कार्डावर काय हुद्दा छापलाय त्यावर ठरत नाही, तुम्ही रोज प्रत्यक्ष काय काम करता आणि किती पगार घेता त्यावर ठरतं, देखरेखीचं किंवा मॅनेजरचं काम असेल तर बाहेर पडता. म्हणून अपॉइंटमेंट लेटर, सगळी इन्क्रिमेंट लेटर, वर्षभराच्या स्लिपा यांच्या कॉपी घरी आणून ठेवा आणि कामगार कायद्याच्या एखाद्या वकिलाला एकदा फी देऊन दाखवा. ऑफिसचा लॅपटॉप काढून घेतला की या गोष्टी मिळत नाहीत. फक्त स्वतःची कागदपत्रं हं, कंपनीची ड्रॉइंगं वगैरे नाही.

कामाबद्दल मला तुमच्याइतकं कळत नाही पण क्वालिटीच्या माणसांशी बोलले आहे मी. सायलेन्सर जाईल, पण त्याला जायला अजून वर्षं आहेत कारण सीएनजी, हायब्रीड, ट्रॅक्टर, जनरेटर या सगळ्यांना धूर सोडायचाच आहे. पण तुम्ही सोळा वर्षं जे केलंत ते फक्त सायलेन्सर नव्हतं ना. पीपीएपीच्या, म्हणजे नव्या पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायच्या, फाइली, कंट्रोल प्लॅन, कस्टमरची तक्रार आली की मूळ कारण शोधत बसणं, ऑडिटला उभं राहणं, वेल्ड कापून आत किती भिनलंय ते बघणं. बॅटरीच्या खोक्यालाही वेल्ड असतं आणि ते गळलं तर सायलेन्सरपेक्षा फार महागात पडतं. आयएटीएफ १६९४९ या गाड्यांच्या पार्टसाठीच्या क्वालिटी स्टँडर्डच्या इंटर्नल ऑडिटरचं सर्टिफिकेट नसेल तर करा, कंपनी पाठवत असेल तर आत्ताच नाव द्या. आणि बायोडाटामध्ये "सायलेन्सर" हा शब्द पहिल्या ओळीत नको, काय काम येतं ते पहिल्या ओळीत. ते ११ जण आणि ६ जण, त्यातल्या ज्यांना काम मिळालं असेल त्यांना फोन करा, कुठे मिळालं, काय विचारलं. आणि ज्यांना नाही मिळालं त्यांनाही करा. त्या शेजारच्या टेबलवरच्या माणसाला, तो गेल्यापासून, तुम्ही फोन केलाय का? केला नसेल तर मी समजू शकते, काय बोलायचं कळत नाही, आणि त्याचं ऐकलं की आपली पाळी आठवते. माझ्या वडिलांना जे लोक टाळायचे ते वाईट नव्हते, त्यांनाही काय बोलायचं कळत नव्हतं. "जेवायला ये रविवारी" एवढं पुरतं. मेव्हण्यालाही तेच लागू आहे, त्याला नोकरीच्या लिंक पाठवणं बंद करा, काहीतरी काम घेऊन बोलवा, ड्रिल घेऊन ये, शेल्फ लावायचंय.

मोबाईल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, गजराला साधं घड्याळ आणा. दिवसा बातम्या वाचा, खुशाल वाचा, कामाच्या वेळी वाचलेली बातमी आणि रात्री तीनला वाचलेली बातमी एकच असली तरी ती वेगळी लागते. झोप आणखी दोन-तीन आठवड्यांत सुधारली नाही, किंवा छातीत धडधडणं, जेवण न जाणं, सगळं संपवून टाकावं असं मनात येणं यातलं काहीही झालं तर थांबू नका, १४४१६ हा टेलिमानसचा, मानसिक त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीसुद्धा चालू, मराठीत बोलता येतं. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जाण्यात काही कमीपणा नाही, पाठ धरली तर जातोच ना आपण.

टेकडीला या रविवारी जा. मित्रांना जायच्या आधीच ग्रुपवर टाका की वर जाईपर्यंत नोकरीचा विषय नको, उतरताना हवं तेवढं बोलू. तुमच्यासारखेच तेही असणार, त्यांना सुटल्यासारखं वाटेल बघा. तोही विषय कधीतरी काढायलाच हवा, चार जणांकडे मिळून चार ओळखी असतात, पण चढताना नको.

आणि मुलगी. तिने प्रश्न विचारला यात तिची काही चूक नव्हती, ती तुमच्या काळजीत सामील व्हायला आली होती. मी सातवीत होते तेव्हा मला कुणीच काही सांगितलं नाही, मी चपातीच्या गोळ्यावरून अंदाज बांधत राहिले, आणि लहान मुलांचे अंदाज खऱ्यापेक्षा फार भयंकर असतात हो, मला वाटायचं आम्हाला खोली सोडावी लागणार आणि मी रात्री जागी राहून ऐकत बसायचे की आईबाबा काय बोलतात. तिला बसवा आणि तिच्या वयाचं खरं सांगा. कंपनीत काम कमी झालंय, काही लोकांना काढलंय, मला अजून काही सांगितलेलं नाही, सांगितलं तरी आपल्याकडे वर्षभराची सोय आहे, मम्मीने आणि मी हिशोब केलाय, तुझा क्लास, तुझा बोर्ड, तुझी अकरावी यात काही बदलणार नाही. हवं तर ती वही दाखवा, दहावीची मुलगी आहे, भागाकार तिला येतो. आणि त्या दिवशी ओरडलो ते चुकलं, तुझ्यावर राग नव्हता, हेही सांगा. आधी वहिनींशी बोलणं झालं पाहिजे म्हणजे तुमचं दोघांचं सांगणं एक येईल, म्हणून शनिवारी दुपारी वही आणि शनिवारी रात्री जेवताना मुलगी, रविवारी सकाळी टेकडी. बोर्ड संपेपर्यंत थांबू नका.